किल्लीची लांबी नंतर, आधी तिचा उगम

२००६च्या सप्टेंबरात डेबियन या लिनक्स वितरणाच्या ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीच्या पॅकेजमध्ये एक छोटी दुरुस्ती झाली. वॅलग्रिंड हे मेमरी तपासणारे साधन एका जागी सारखे सांगत होते की इथे मूल्य न दिलेली मेमरी वाचली जाते आहे. ही कटकट थांबावी म्हणून दोन ओळी काढून टाकल्या गेल्या. त्यांतली एक ओळ रँडम आकड्यांच्या साठ्यात ताजी सामग्री मिसळण्याचे काम करत होती. ती गेल्यावर साठ्यात वेगळेपण आणणारी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे चालू प्रोसेसचा क्रमांक. लिनक्सवर तो तेव्हा साधारणपणे ३२,७६८च्या पलीकडे जात नसे.

पुढे जवळजवळ वीस महिने डेबियनवर, आणि त्यावर बेतलेल्या उबुंटूवर, या लायब्ररीने बनवलेली प्रत्येक किल्ली या मूठभर शक्यतांमधूनच निघत राहिली. सर्व्हरमध्ये शिरण्याच्या एसएसएच किल्ल्या त्यात होत्या, संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांमागच्या किल्ल्या होत्या, व्हीपीएनच्याही होत्या. त्या दिसायला अगदी निर्दोष होत्या. २,०४८ बिटांची आरएसए किल्ली मागितली की २,०४८ बिटांचीच मिळायची, गणिताच्या प्रत्येक तपासणीत पास व्हायची. १३ मे २००८ रोजी, लुचियानो बेल्लो यांनी हा दोष शोधल्यावर तो जाहीर झाला आणि नेहमीच्या लांबीच्या शक्य त्या साऱ्या किल्ल्या तयार करून त्यांच्या याद्या करायला जाणकारांना काही तास पुरले.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या, सर्व्हर सांभाळणाऱ्या, किंवा नुसतीच डिजिटल सही वापरणाऱ्या माणसाने किल्लीविषयी पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे या घटनेतून कळते. आपण लांबी विचारतो. १२८ बिट की २५६? आरएसए २,०४८ की ४,०९६? विचारायला हवे ते वेगळेच: ही किल्ली किती शक्यतांमधून निवडली गेली, आणि निवडणारे यंत्र कोणते होते? कारखान्याने कुलूप कितीही जाड पोलादाचे घडवले, पण किल्ल्यांचे नमुनेच वीस ठेवले, तर चोर वीस किल्ल्यांचा जुडगा घेऊन येईल. पोलादाला तो हातही लावणार नाही.

आकड्यांचा अंदाज घ्या. १२८ बिट खऱ्या अर्थाने रँडम असतील तर शक्यता होतात ३४ वर ३७ शून्ये इतक्या. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या तपासणारे यंत्र घेतले तरी सगळ्या संपवायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या कोट्यवधी पट काळ लागेल. उलट, किल्ली जर ३२ बिटांच्या बीजातून, म्हणजे आकडे बनवणाऱ्या प्रोग्रॅमला सुरुवातीला दिलेल्या आकड्यातून, उगवली असेल तर शक्यता आहेत सुमारे ४२९ कोटी. सेकंदाला दहा लाख तपासणाऱ्या साध्या संगणकाला त्या संपवायला सव्वा तासही लागत नाही. आणि बीज म्हणून तुम्ही घड्याळातले सेकंद वापरले असतील, किल्ली कोणत्या वर्षी बनवली एवढे समोरच्याला ठाऊक असेल, तर त्याला ३ कोटी १५ लाख शक्यताच पाहायच्या आहेत. चहा गार होण्याआधी काम संपते.

घड्याळाचा मोह फार जुना आहे. नेटस्केप हा ब्राउझर १९९५ साली सुरक्षित व्यवहारांसाठी किल्ली बनवताना वेळ, प्रोसेसचा क्रमांक आणि त्याच्या पालक प्रोसेसचा क्रमांक एवढ्यावरच अवलंबून होता. बर्कलीतल्या इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी प्रोग्रॅमची चिरफाड करून ते उघडकीस आणले. याला तीस वर्षे झाली, तरी तीच चूक पुन्हा पुन्हा होते आहे. लिबबिटकॉइन एक्सप्लोरर नावाच्या साधनात बिटकॉइन वॉलेटसाठी बीज बनवणारी एक आज्ञा होती. मागाल तर ती २५६ बिट द्यायची; पण आत मर्सेन ट्विस्टर हा साधा आकडे-जनक होता आणि त्याला ३२ बिटांच्या वेळेचे बीज घातलेले होते. २०२३च्या जुलैमध्ये अशा वॉलेटांमधून नऊ लाख डॉलरहून अधिक रक्कम गेली. ज्यांचे पैसे गेले त्यांनी बीजाची २४ शब्दांची यादी कागदावर लिहून नीट जपून ठेवली असेल, संगणकाला इंटरनेटपासून दूर ठेवले असेल. त्यांच्या काळजीत उणे काढायला जागा नव्हती. किल्ली जन्मतानाच उघडी होती.

मर्सेन ट्विस्टर वाईट नाही, हेही इथे सांगायला हवे. हवामानाचे नमुने, खेळ, सांख्यिकीतले प्रयोग यांसाठी तो उत्तम आहे. त्याचे आकडे समान विखुरलेले असतात, आलेख काढला तर कुठे गाठ दिसत नाही. पण त्याने दिलेले सलग ६२४ आकडे कुणाच्या हाती लागले की पुढचा प्रत्येक आकडा तो माणूस आधीच सांगू शकतो. नीट विखुरलेले असणे आणि अंदाज न करता येणे हे दोन वेगळे गुण आहेत, आणि किल्लीला दुसरा लागतो. आपण नापास होतो ते इथे, कारण पहिला गुण डोळ्यांना दिसतो आणि दुसरा दिसत नाही. रँडमपणाच्या संख्याशास्त्रीय चाचण्या पास झाल्या म्हणून कुणी तुम्हाला एखादा जनक सुरक्षित म्हणून दाखवत असेल तर मान डोलावू नका. घड्याळातली वेळ एसएचए-२५६ या हॅश फंक्शनमधून काढली तरी निकाल साऱ्या चाचण्या सहज पास होतो. हॅशने दिसणे बदलते, शक्यतांची संख्या वाढत नाही.

मग करायचे काय? उत्तर लहान आहे आणि मी ते ठामपणे देतो: ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागा. स्वतः काही मिसळू नका, घुसळू नका, सुधारू नका. लिनक्सचे कर्नल, विंडोज, मॅक, अँड्रॉइड, आयओएस या सगळ्यांत हार्डवेअरच्या बारीकसारीक अनियमित घडामोडी गोळा करून, प्रोसेसरमधल्या रँडम आकड्यांच्या सोयीचीही भर घालून, कूटशास्त्राच्या कसोटीला उतरणारा जनक चालवलेला असतो. यावर अनेक वर्षे अनेकांची नजर फिरलेली आहे. तुमच्या प्रोग्रॅममधल्या चाळीस ओळींवर ती फिरलेली नाही.

लिनक्सवर यासाठी गेटरँडम ही सिस्टिम कॉल २०१४ सालच्या ३.१७ या कर्नलपासून आहे. तिचे मोठे वैशिष्ट्य असे की मशीन नुकतेच सुरू झाले असेल आणि साठा अजून भरला नसेल, तर ती थांबते. कच्चा आकडा देत नाही. यूरँडम नावाची जुनी फाइल वाचणाऱ्यांना ही हमी मिळत नव्हती. दुसरीकडे, नुसत्या रँडम नावाच्या फाइलमधून येणारे आकडे जास्त खरे, असा एक समज बरीच वर्षे चालत आला आणि त्यापायी कित्येक सर्व्हर विनाकारण अडकून बसले. २०२० सालच्या ५.६ कर्नलपासून, साठा एकदा तयार झाला की ही फाइलही अडवत नाही. विंडोजवर बीक्रिप्ट-जेनरँडम आहे, ॲपलच्या उपकरणांवर सेक-रँडम-कॉपी-बाइट्स.

बहुतेक वाचक इतक्या खाली उतरणार नाहीत, आणि उतरायची गरजही नाही. पायथनमध्ये सीक्रेट्स हे मोड्यूल ३.६ आवृत्तीपासून याच कामासाठी दिले आहे. त्याला ३२ बाइट मागितले की २५६ बिटांची किल्ली हातात. त्याच भाषेतले रँडम मोड्यूल मात्र मर्सेन ट्विस्टरवर चालते. जावात सिक्युअररँडम वापरा, आणि त्याला आपल्या हाताने बीज घालू नका. काही जुन्या प्रकारांत आधीच बीज घातले की तो फक्त त्याच बीजावर चालतो आणि प्रत्येक वेळी तेच आकडे देतो. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये क्रिप्टो-गेटरँडमव्हॅल्यूज, नोडमध्ये क्रिप्टोचे रँडमबाइट्स. मॅथ-रँडम कधीच नाही. पीएचपीत ७.०पासून रँडम-बाइट्स आहे; युनिकआयडीच्या नावाला भुलू नका, तो घड्याळावरून बनतो. गो भाषेत दोन पॅकेजेसची नावे रँड अशीच संपतात, एक मॅथखाली आणि एक क्रिप्टोखाली. संपादक आपोआप कोणते जोडून देतो ते फाइलच्या वरच्या ओळींत एकदा डोळ्यांनी पाहावे. सी भाषेतल्या रँडविषयी बोलण्यात अर्थ नाही.

आता एक चूक सांगतो, जी चांगल्या चांगल्या चमूंच्या कोडमध्ये दिसते. एईएस-२५६ला ३२ बाइटची किल्ली लागते. प्रोग्रॅमर ३२ अक्षरांची हेक्साडेसिमल ओळ बनवतो आणि तिचीच अक्षरे बाइट म्हणून देतो. लांबी जुळते, प्रोग्रॅम चालतो. पण हेक्सच्या एका अक्षरात १६च शक्यता, म्हणजे ४ बिट; ३२ अक्षरांत १२८ बिट. अर्धी ताकद कुणाच्या नकळत गळाली. त्याहून वाईट म्हणजे शिकवणीच्या लेखांमधली नमुना किल्ली, 'माय सीक्रेट की' आणि पुढे एक दोन तीन चार, जशीच्या तशी चालू यंत्रणेत राहणे. अशा ओळी शोधणाऱ्यांना त्या पाठ असतात.

ओटीपी बनवताना असाच एक छोटा खड्डा आहे. एक रँडम बाइट घेतला, दहाने भागून बाकी घेतली, झाला अंक. पण २५६ला दहाने पूर्ण भाग जात नाही, म्हणून ० ते ५ हे अंक प्रत्येकी २६ वेळा आणि ६ ते ९ हे २५ वेळा येऊ शकतात. ओटीपीत हा तिरपेपणा फारसा जीवघेणा नाही, सह्यांच्या आकडेमोडीत असा तिरपेपणा जीवघेणा ठरू शकतो. भाषेने मर्यादेतला रँडम आकडा देणारे सुरक्षित फंक्शन दिलेले असते, तेच वापरावे.

ऑपरेटिंग सिस्टिमवर विश्वास ठेवा म्हटले, पण त्याला एक अपवाद आहे, आणि तो राउटर, कॅमेरे, सेन्सर, पेमेंटचे यंत्र अशी उपकरणे बनवणाऱ्यांसाठी फार मोठा आहे. नादिया हेनिंगर, झकीर दुरुमेरिच, एरिक वुस्ट्रो आणि ॲलेक्स हॉल्डरमन यांनी २०१२ साली इंटरनेटवरच्या टीएलएस आणि एसएसएच किल्ल्या गोळा करून तपासल्या. तपासणीची युक्ती शाळेतली आहे, मसावि काढण्याची. आरएसएची सार्वजनिक किल्ली म्हणजे दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार. एका किल्लीचे अवयव शोधणे अशक्यप्राय. पण दोन किल्ल्यांत एक मूळ संख्या समान निघाली तर मसावि काढताच दोन्ही उघडतात. टीएलएस चालवणाऱ्या यंत्रांपैकी अर्ध्या टक्क्याच्या खाजगी किल्ल्या त्यांना अशा मिळाल्या. यातली बहुसंख्य यंत्रे म्हणजे छोटी उपकरणे होती. अशा उपकरणाला कीबोर्ड नाही, माउस नाही, फिरती डिस्क नाही. डबा उघडून पहिल्यांदा वीज दिली की काही सेकंदांत ते किल्ली बनवायला घेते, आणि त्या क्षणी त्याच्या साठ्यात दुसऱ्या डब्यातल्या जुळ्या भावापेक्षा वेगळे काहीच नसते.

तुम्ही पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून असे उपकरण बनवत असाल तर काही गोष्टी आरंभीच ठरवा. हार्डवेअरचा रँडम जनक असलेली चिप घ्या. चार पैसे वाचवायला ही जागा नाही. किल्ली पहिल्या बूटच्या पहिल्या क्षणी न बनवता साठा तयार झाल्याची खात्री झाल्यावर बनवा. कारखान्यात प्रत्येक नगात वेगळे रँडम बीज भरता येत असेल तर भरा. आणि तयार किल्ली फर्मवेअरच्या प्रतिमेत भाजून हजारो नगांत पाठवू नका. एक नग विकत घेऊन उघडणाऱ्याला बाकीचे सगळे फुकट मिळतात. क्लाउडवर हीच गोष्ट वेगळ्या वेशात येते. व्हर्च्युअल मशीन तयार केले, एसएसएचच्या यजमान-किल्ल्या बनल्या, मग त्याचा साचा करून पन्नास प्रती काढल्या, की पन्नास यंत्रांची किल्ली एकच. साचा करण्याआधी त्या किल्ल्या पुसून टाकाव्यात आणि प्रत्येक प्रतीने पहिल्यांदा उठल्यावर आपापली बनवावी. चालत्या मशीनचा स्नॅपशॉट पुन्हा पुन्हा उठवणाऱ्यांनी तर जास्त सावध राहावे, कारण प्रोग्रॅमच्या मेमरीत असलेला जनकही त्याच अवस्थेतून परत सुरू होऊ शकतो.

पासवर्डमधून किल्ली काढायची असेल तर नियम बदलतात. फाइल कुलूपबंद करायची आहे, किल्ली कुठे साठवायची नाही, माणसाच्या लक्षात राहील तेवढ्यावरच भागवायचे आहे. माणूस रँडम असू शकत नाही, ही इथली मूळ अडचण. बिटकॉइनच्या सुरुवातीच्या काळात लोक आवडते वाक्य घ्यायचे, एसएचए-२५६ लावायचे आणि तीच खाजगी किल्ली मानायचे. २०१५च्या डेफकॉन परिषदेत रायन कास्टेलुची यांनी असली वाक्ये प्रचंड वेगाने तपासणारा प्रोग्रॅम दाखवला. पुस्तकांतली, गाण्यांतली, धर्मग्रंथांतली वाक्ये यंत्राला खाऊ घालता येतात. आपल्या अभंगाची ओळ रोमन लिपीत लिहिली म्हणजे ती कुणाला सापडणार नाही, असे समजू नका. मराठी गाण्यांचे बोल रोमन लिपीतही जालावर भरपूर पडलेले आहेत.

पासवर्डला नुसता हॅश न लावता मुद्दाम संथ आणि मेमरी खाणारे फंक्शन लावावे. २०१५ साली पासवर्ड हॅशिंगच्या खुल्या स्पर्धेत आर्गॉन२ जिंकले. त्याचा आर्गॉन२आयडी हा प्रकार घ्या. मेमरी बेताची असलेल्या ठिकाणी ६४ मेबीबाइट, तीन फेऱ्या आणि चार समांतर धागे, ही त्याच्या प्रमाणदस्तऐवजातली शिफारस आहे. जुन्या यंत्रणेत पीबीकेडीएफ२च मिळत असेल तर एसएचए-२५६सह सहा लाख फेऱ्यांच्या खाली जाऊ नका. प्रत्येक वेळी १६ बाइटचा वेगळा रँडम सॉल्ट, म्हणजे पासवर्डसोबत मिसळायचा तुकडा, तोही ऑपरेटिंग सिस्टिमकडूनच. एवढे करूनही कमकुवत पासवर्ड बळकट होत नाही, समोरच्याला फक्त उशीर होतो.

म्हणून शब्द निवडायचे काम फाशांवर सोपवावे. अर्नॉल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली मांडलेली डाइसवेअर पद्धत आजही मला सर्वांत प्रामाणिक वाटते. ७,७७६ शब्दांची यादी, पाच फाशांचा एक फेका म्हणजे एक शब्द. एका शब्दाला सुमारे १२.९ बिट, सहा शब्दांत ७७च्या वर, दहा शब्दांत १२९. यादी जगजाहीर असली तरी बिघडत नाही, कारण गुपित यादीत नसून फाशांत आहे. अट एकच: पडलेले शब्द आवडले नाहीत म्हणून बदलायचे नाहीत. आवड आली की शक्यता आटल्या. वॉलेटची किल्ली स्वतः बनवणाऱ्यांनाही फासे चालतात. ५० फेक्यांत १२९ बिट, १०० फेक्यांत २५८. संकेतस्थळावर बटण दाबून मिळणारी तयार किल्ली मात्र घेऊ नये, कारण ती तुमच्याआधी त्या सर्व्हरने पाहिलेली असू शकते. चॅटबॉटलाही किल्ली किंवा पासवर्ड मागू नये. तो बहुधा काय यावे यावर शब्द जुळवतो, म्हणजे नेमके उलटे काम करतो, शिवाय उत्तर संभाषणाच्या नोंदीत राहते.

दोन किल्ल्यांची जोडी लागते तिथे, म्हणजे एसएसएच, प्रमाणपत्रे, सह्या यांसाठी, निवड करायची मुभा असेल तर मी ईडी२५५१९ सुचवतो. त्याची खाजगी किल्ली म्हणजे कोणतेही ३२ रँडम बाइट. आरएसएला मोठ्या मूळ संख्या शोधाव्या लागतात आणि त्या शोधात चुका शिरायला जागा असते. इन्फिनिऑनच्या चिपमधल्या लायब्ररीने वेळ वाचवण्यासाठी मूळ संख्या एका ठरावीक साच्यातून निवडल्या होत्या. ब्र्नो शहरातल्या मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली तो साचा ओळखला. सार्वजनिक किल्ली पाहूनच ती या चिपची आहे हे कळायचे, आणि अनेक लांबींसाठी परवडेल इतक्या खर्चात ती फोडता येत होती. एस्टोनिया या देशाच्या सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांत हीच चिप होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सरकारला ती प्रमाणपत्रे स्थगित करून लोकांना नवी द्यावी लागली. प्रमाणित चिप होती, आणि तरीही हे झाले. आरएसए वापरणे भागच असेल तर नवीन कामासाठी ३,०७२ बिट घ्या आणि किल्ली प्रस्थापित लायब्ररीनेच बनवा.

किल्ली चांगली बनली तरी रँडमची गरज तिथे संपत नाही. ईसीडीएसए प्रकारच्या प्रत्येक सहीसाठी एक नवा गुप्त आकडा लागतो. तो दोनदा वापरला की दोन सह्यांवरून शाळेच्या बीजगणिताने खाजगी किल्ली निघते. सोनीच्या प्लेस्टेशन ३मध्ये तो आकडा बदलतच नव्हता. फेलओव्हरफ्लो या गटाने २०१०च्या डिसेंबरात बर्लिनमधल्या परिषदेत ते दाखवले. अँड्रॉइडच्या सिक्युअररँडममधल्या दोषामुळे २०१३च्या ऑगस्टमध्ये बिटकॉइन वॉलेट रिकामी झाली ती याच वाटेने. आणि आकडा पुन्हा आलाच पाहिजे असेही नाही. पुटी या विंडोजवरच्या लोकप्रिय साधनात पी-५२१ प्रकारच्या किल्लीने सही करताना त्या आकड्याचे पहिले ९ बिट नेहमी शून्य असायचे. साधारण ६० सह्या जमवल्या की किल्ली निघते. २०२४च्या एप्रिलमध्ये हे जाहीर झाले, ०.६८ ते ०.८० या आवृत्त्यांनी त्या प्रकारची किल्ली वापरली असेल तर ती आजच रद्द करायला हवी. ईडी२५५१९मध्ये हा आकडा किल्ली आणि मजकूर यांवरून ठरतो, सहीच्या क्षणी नव्याने काढावा लागत नाही. माझ्या शिफारशीचे हे दुसरे कारण.

डिजिटल सही म्हटले की महाराष्ट्रात निविदा भरणारा कंत्राटदार, कंपनीचा संचालक, जीएसटी आणि आयकराची कामे करणारा सल्लागार, सगळ्यांच्या खिशात किंवा टेबलाच्या खणात एक यूएसबी टोकन असते. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या आपल्या नियंत्रक कार्यालयाच्या नियमांनुसार ही किल्ली ठरावीक दर्जाच्या टोकनमध्येच असायला हवी. त्यामागचा हेतू असा की किल्लीची जोडी टोकनच्या आतच जन्मावी आणि खाजगी भाग बाहेर पडूच नये. म्हणून कुणी विक्रेता तुम्हाला 'आम्ही किल्ली बनवून फाइल मेलने पाठवतो' म्हणाला तर नकार द्या. डाउनलोडच्या वेळी टोकन तुमच्या समोरच्या संगणकाला जोडलेले असू द्या आणि आलेला पिन त्याच बैठकीत बदला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या ४२व्या कलमाने खाजगी किल्ली ताब्यात ठेवण्याची जबाबदारी प्रमाणपत्रधारकावर टाकली आहे. ती दुसऱ्याच्या हाती पडली तर विनाविलंब प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवायचे, आणि कळवेपर्यंत दायित्व तुमचे. टोकन आणि पिनची चिठ्ठी एकाच पाकिटात घालून वर्षभर दुसऱ्याच्या कपाटात ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते. ती सोय समजली जाते, पण त्या पाकिटात तुमची सही आहे, आणि ती तुमच्याच नावावर उभी राहते.

मान्यताप्राप्त संस्थेचा शिक्का असला की डोळे मिटावेत का? अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने ड्युअल-ईसी नावाचा रँडम जनक आपल्या शिफारशींत घेतला होता. डॅन शुमॉव आणि नील्स फर्ग्युसन यांनी २००७ सालीच दाखवले की त्यातले दोन स्थिरांक ज्याने निवडले त्याला पुढचे आकडे सांगता येतील अशी वाट त्यात असू शकते. २०१३मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या अमेरिकी गुप्त कागदपत्रांनंतर हा संशय बळावला आणि २०१४मध्ये तो जनक मागे घेतला गेला. सात वर्षे तो यादीत होता. यावरून मी स्वतःचा जनक लिहा असे सांगणार नाही, उलटेच सांगेन: ज्याची रचना खुली आहे आणि ज्यावर टीका करणाऱ्यांना जागा आहे, तेच घ्या. लिनक्सचे कर्नल प्रोसेसरच्या रँडम सूचनेवर एकट्यावर विसंबत नाही, ती इतर सामग्रीत मिसळून घेते, हा याच सावधपणाचा भाग आहे.

क्वांटम संगणकांना तोंड देणारी नवी मानके निस्टने २०२४च्या ऑगस्टमध्ये जाहीर केली. त्यातल्या एमएल-केईएमची किल्ली बनवतानाही सुरुवातीला ३२-३२ बाइटचे दोन रँडम तुकडे लागतात. ते कच्चे असतील तर पुढचे सारे नवे गणित वाया जाते.

शेवटी, आज ऑफिसात गेल्यावर करता येण्याजोगे काम. प्रकल्पाच्या कोडमध्ये रँड, रँडम, सीड, टाइम आणि एमडी५ हे शब्द शोधा. किल्ली, टोकन, सत्राचा क्रमांक किंवा पासवर्ड बदलण्याचा दुवा यांच्या आसपास ते सापडले तर ती जागा लाल खुणेची. सर्व्हरवरच्या एसएसएच किल्ल्यांचे ठसे एकमेकांशी ताडून पाहा. दोन यंत्रांचा ठसा सारखा निघाला तर साचा चुकला आहे. खोट सापडली तर नुसती लायब्ररी अद्ययावत करून थांबू नका. दुरुस्त लायब्ररी नवी किल्ली चांगली बनवते, जुनी तशीच राहते. २००८नंतरही डेबियनच्या त्या कच्च्या किल्ल्या सर्व्हरवर सापडत राहिल्या त्या यामुळेच. जुनी किल्ली प्रत्येक सर्व्हरच्या परवानगीच्या यादीतून काढा, प्रमाणपत्र रद्द करवून घ्या, त्या किल्लीने बंद केलेली माहिती उघडून नव्या किल्लीने पुन्हा बंद करा, बॅकअपमधल्या प्रतींसकट. आणि कच्च्या किल्लीने बंद केलेला जो मजकूर आधीच बाहेर गेला असेल, तो वाचला गेला असे धरून त्यातले पासवर्ड, खाते क्रमांक, करार यांचे काय करायचे ते संबंधित माणसांना बोलावून त्याच दिवशी ठरवा.